वजा म्हणजे बैलाकडं

कुठल्याही कॉलेजात सगळ्यात जास्त किस्से कुठं साठतात, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन, फिजिक्सच्या लॅबमध्ये! स्टाफरूममध्ये लोक जपून बोलतात, ऑफिसात कामापुरतं बोलतात. लॅबमध्ये मात्र प्रत्येकाच्या हातात काहीतरी असतं, आणि हात गुंतलेले असले की माणसाचं तोंडावर लक्ष राहत नाही. लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या ज्युनिअर कॉलेजात मी पंधरा वर्षं फिजिक्स शिकवतेय. एवढ्या काळात भिंगं फुटली, स्टॉपवॉच बंद पडली, जर्नलं रद्दीत गेली. किस्से तेवढे वाढत राहिले.

गंमत म्हणजे त्यातले निम्मे एकाच धड्यातले आहेत. दोरीवरून जाणारा तरंग! बाकीच्या धड्यांना पोरं जांभया देतात, या धड्याला बोलतात. का, ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

हा धडा मी पहिल्यांदा शिकवला तो दिवस. वर्गखोल्या कमी, म्हणून आमचे फिजिक्सचे तास लॅबमध्येच होतात. मी नवीन, अंगात भलताच उत्साह. फळ्यावर झोकात लिहिलं:

y = 0.04 sin(6.28x − 31.4t)

आणि वळून म्हटलं, "या एका ओळीत तरंगाची सगळी कुंडली आहे! त्याची उंची किती, लांबी किती, सेकंदाला हेलकावे किती, वेग किती आणि तो निघालाय कुठं. चला, पाचही गोष्टी बाहेर काढा!"

मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, त्या निघतील हो. आदी आमाला भायेर काढा!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण सगळ्यात मोठ्यानं हसण्याचा आवाज कपाटामागून आला. तिथं आमचे हनुमंतमामा तराजू पुसत होते.

* * *

हनुमंतमामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. परिचर म्हणजे काय, तर सामान काढणं, मांडणं, पुसणं, तुटलेलं बांधणं आणि पोरांना धाकात ठेवणं. कुठली तार कधी रुसते आणि कुठल्या मीटरचा काटा कधी अडकतो, हे त्यांना पाठ. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडायचे, "ए चष्मेवाल्या, तुजं रीडिंग चुकलंय!" आणि ते खरंच चुकलेलं असायचं.

आमचे लॅब असिस्टंट निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी झाली. ती मामांना मिळावी असं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना वाटत होतं. संस्थेनं कळवलं, बारावी सायन्स पासचा दाखला आणा, नाहीतर बाहेरचा माणूस घेऊ. आणि मामांचं बारावीला नेमकं फिजिक्सच राहिलेलं! तरुणपणी एकदा नापास झाले, मग शेत, लग्न, नोकरी, पुन्हा त्या वाटेला गेलेच नाहीत. म्हणजे ज्या लॅबमध्ये त्यांच्या हाताखालून एवढी पोरं पास होऊन गेली, त्या लॅबमध्ये फिजिक्सला नापास असलेला माणूस एकच!

संस्थेनं दोन परीक्षांची मुदत दिली. पहिल्या परीक्षेत मामा पुन्हा राहिले. निकालाच्या दिवशी माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, रिटायर व्हायला पाच वर्सं हायेत. तवर निस्त्या काचाच पुसायच्या व्हय म्या?"

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मामांनी परत फॉर्म भरला. शेवटचा. आणि डोक्यावरच्या टोपीसकट शेवटच्या बाकावर येऊन बसले.

* * *

या धड्यातली सगळ्यात चिवट भानगड म्हणजे दिशा. समीकरणात मधे वजा असेल तर तरंग आपल्यापासून पुढं जातो, अधिक असेल तर आपल्याकडं येतो. पोरांना वाटतं, अधिक म्हणजेच पुढं. मामांनाही तेच वाटायचं. तीन चाचण्यांत तीनदा चुकले.

मामांना शिकवायचा विडा गणिताच्या बिराजदार सरांनी उचलला होता. सर हुशार, पण त्यांना फळा भरल्याशिवाय समाधान नसतं. फळा भरून झाला. मामांनी मान डोलावली आणि विचारलं, "ते समदं ठीक हाय, सर. पर वजा म्हंजी कमी की! कमी करून कुणी फुडं जातंय व्हय?"

सरांनी खडू खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामा घरून कासरा घेऊन आले, बैलाच्या वेसणीपासून गाडीवानाच्या हातापर्यंत असतो तो दोर. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं हातात धरलं. म्हणाले, "ही खिडकी म्हंजी बैल. म्या गाडीवर. आता हिसका देतो, बगा." हिसका दिला. कासऱ्यावरून उंचवटा सळसळत खिडकीपर्यंत गेला. "कुठं गेली लाट? बैलाकडं! माज्याकडनं गेली, माजं कमी झालं. म्हनून वजा! आन बैलानं मान हलवली की लाट माज्याकडं येती. माजं वाढलं. अधिक!"

एमएस्सीला मी हे दोन पानांत सिद्ध केलं होतं. त्या दिवसापासून आमच्या लॅबचा नियम झाला, वजा म्हणजे बैलाकडं, अधिक म्हणजे गड्याकडं. मामा पुन्हा कधी चुकले नाहीत. वर्गही चुकला नाही.

पुढच्या चाचणीत निम्म्या वर्गानं चक्क इंग्रजीत लिहिलं, "द वेव्ह इज गोइंग टू बुलक." पेपर तपासायला मदत म्हणून मी गठ्ठा बिराजदार सरांकडं दिला होता. मला वाटलं, सर एकतर भोपळा देतील नाहीतर पूर्ण मार्क. सरांनी प्रत्येकाला अर्धा मार्क दिला आणि बाजूला लाल पेननं शेरा मारला:

"बैल कोणत्या बाजूस उभा आहे, याचा उल्लेख नाही!"

* * *

मामांच्या वहीत काय काय होतं, ते मी एकदा चोरून वाचलं.

तरंगाची उंची, म्हणजे अँप्लिट्यूड, मोजताना पोरं हमखास एक चूक करतात. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत आख्खं अंतर घेतात. खरं तर मधल्या रेषेपासून वरपर्यंतच घ्यायचं असतं, म्हणजे निम्मं. मामांच्या वहीत लिहिलं होतं, "अँप्लिट्यूड बटईनं हाय. निम्मं आपलं, निम्मं मालकाचं. आख्खं घेऊ नये."

त्याखाली तरंगलांबीचं सूत्र. तरंगलांबी म्हणजे टू पाय भागिले के. बिराजदार सरांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मामांनी गंभीरपणे विचारलं होतं, "दोन पाय कुनाचे, सर?" सरांना वाटलं, मामा थट्टा करतायत. ते रागावून निघून गेले. वहीत मामांनी सूत्र शुद्ध उतरवून घेतलं होतं आणि पुढं कंसात लिहिलं होतं, "पाय कुनाचे ते सरांनाबी म्हाईत न्हाय."

* * *

आमच्या वर्गात शिवलीला नावाची एक मुलगी होती. घरी कन्नड, बाहेर मराठी, पेपरात इंग्रजी, आणि तिन्ही भाषांत तिचा एकच प्रश्न, "पण का?" तिला पुस्तकातलं एक वाक्य पटेना. तरंग पुढं जातो, पण दोरी पुढं जात नाही. ती म्हणे, "मॅडम, लाट दोरीचीच असते ना? मग लाट गेली आणि दोरी राहिली, असं कसं होईल?"

मामांनी तिची वेणीची लाल रिबन मागून घेतली, दोरीच्या मधोमध बांधली आणि दोरी हलवली. एकामागून एक लाटा खिडकीकडं निघाल्या. रिबन जागच्या जागी वर-खाली, वर-खाली.

"दिसलं का?" मामा म्हणाले. "वर-खाली लई करती, पर फुडं येक इंच सरकत न्हाय."

शिवलीलाचा चेहरा एकदम उजळला. "मामा, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्यासारखं!"

* * *

आता रस्त्यावरचा किस्सा.

बिराजदार सरांचं म्हणणं होतं की दोरी जितकी भराभर हलवावी तितका तरंग भराभर पळतो. गणिताचा माणूस, सूत्रात वारंवारता आहे म्हटल्यावर ती वाढली की वेग वाढणारच! मी नाही म्हटलं, तरी ऐकेनात. मामा म्हणाले, "कासरा कितीबी घाईनं हलवा सर, लाट तिच्या चालीनंच जाती. ताणला तरच पळती." वाद पेटला. मामांना परीक्षेत हा प्रश्न हमखास येणार, हे मला माहीत होतं, म्हणून मीच म्हटलं, चला, रस्त्यावर चला!

गाव भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं, त्यामुळं रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ. आम्ही कॉलेजसमोरच्या रस्त्यावर लांबलचक दोर धरला. एक टोक गेटला बांधलं, एक मामांच्या हातात. पोरं मोबाइलवर शूटिंग करायला. मामांनी दोर आधी सावकाश हलवला, मग भराभर. पहिली लाट गेटला पोचायला दोन्ही वेळा तेवढाच वेळ! भराभर हलवल्यावर लाटा फक्त जवळजवळ आल्या, म्हणजे लांबी कमी झाली. मग मामांनी मागं सरकून दोर ताणला, आणि लाट अशी सुटली की गेट वाजलं. बिराजदार सर म्हणाले, "मी अधिकृतपणे हरलो."

आम्ही एवढ्यावर घरी जायला हवं होतं. पण शिवलीलाला तरंगलांबी मोजायची होती. तिनं मोबाइलवर चित्र थांबवलं, दोन उंचवटे कुठं होते ते बघून रस्त्यावर खडूनं खुणा केल्या, आणि पोरांनी टेप पसरली.

टेप पसरली आणि गल्लीतली दारं उघडली! माणसं रस्त्यावर दोर ताणतायत, खडूनं खुणा करतायत, टेप लावतायत आणि एक बाई वहीत लिहितेय. दहा मिनिटांत पंधरा-वीस माणसं जमली. एकजण घरात जाऊन प्लॉटचा नकाशाच घेऊन आला. एक आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "काय मोजायलाव, बाई?"

मी हसून म्हटलं, "काही नाही हो आजोबा, तरंगलांबी."

"किती भरली?"

"दीड मीटर."

आजोबांनी खुणांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि काठी आपटून म्हणाले, "दीड मीटर कुनाच्या हद्दीतनं?"

* * *

मग आली प्रॅक्टिकलची परीक्षा. मामांनी फॉर्म आमच्याच कॉलेजातून भरलेला, त्यामुळं त्यांची परीक्षा त्यांच्याच लॅबमध्ये. उमेदवार असल्यामुळं त्यांना त्या दिवशी सामानाला हात लावायची बंदी! त्यांच्या जागी ऑफिसातले शिपाई बापूराव दिले होते. बापूराव भला माणूस, पण लॅबच्या दारातून आत येण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

प्रयोग सोनोमीटरचा. लाकडी पेटीवर ताणलेली तार, तारेच्या टोकाला टांगलेली वजनं. नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, वाजवून पेटीवर टेकवायचा. तार त्याच्या सुरात आली की तारेवर बसवलेला कागदाचा चिमुकला तुकडा टुणकन उडतो. मग तारेची लांबी मोजायची, त्यावरून तरंगलांबी काढायची, मग वेग. त्या कागदाच्या तुकड्याला म्हणतात रायडर.

बाहेरगावचे परीक्षक आले. कडक माणूस, चष्म्यावरून बघणारा. सगळी टेबलं तपासून म्हणाले, "रायडर कुठाय? रायडर आणा लवकर!"

बापूराव पळत बाहेर गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी परत आले ते एका गॉगलवाल्या पोराला दंडाला धरून. धापा टाकत म्हणाले, "सर, सास्तुरात ह्याच्याएवडी फटफटी कुनी पळवत न्हाय!"

* * *

मामा आज आमचे लॅब असिस्टंट आहेत. ऑर्डर आली तेव्हा आख्ख्या कॉलेजला पेढे वाटले त्यांनी, आणि मी त्यांच्यादेखत रडले, हे कबूल करते. पण ती ऑर्डर येणार की नाही, हे त्या परीक्षेच्या दिवशी अक्षरशः एका मिनिटावर आलं होतं. ते शेवटी सांगायचं ठेवलं होतं.

परीक्षकांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "आपापली जागा सोडायची नाही. जो सोडेल, त्याचा पेपर तिथंच जमा करून घेईन. मग कारण काहीही असो." हे सांगताना त्यांनी मामांकडं जरा जास्तच बघितलं. लॅबचा माणूस, पोरांना मदत करेल, अशी त्यांना शंका. मामा खिडकीजवळच्या टेबलाशी, स्टुलावर ताठ बसलेले. समोर तीच पेटी, जी त्यांनी पंचवीस वर्षं पुसली होती.

सगळं सुरळीत चाललेलं. शेवटची पंचवीस मिनिटं राहिली, आणि शिवलीलाच्या टेबलावर ताडकन आवाज झाला. तार तुटली. वजनं धाडकन फरशीवर. तिचं एकही रीडिंग झालेलं नव्हतं.

जास्तीची पेटी नाही. तार होती, पण ती बांधायची कुणी? बापूरावांनी लांबूनच हात जोडले. मी पुढं झाले. पंधरा वर्षं फिजिक्स शिकवणारी मी, गाठ मारली, वजन टांगलं, गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. शिवलीलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. परीक्षक घड्याळाकडं बघत म्हणाले, "मॅडम, वेळ वाढवून मिळणार नाही."

मी मामांकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण तिसऱ्यांदा गाठ सुटली आणि माझी मान आपोआप वळली.

मामांनी हातातला काटा खाली ठेवला. खिशातून दस्ती काढली, आमच्याकडं हातरुमालाला दस्तीच म्हणतात, झटकली आणि उठून स्टुलाकडं वळले. मला वाटलं, घाम पुसतायत. मामा सावकाश चालत शिवलीलाच्या टेबलापर्यंत आले, माझ्या हातातून तार घेतली आणि पहिली गाठ मारायला सुरुवात केली.

"काका!" परीक्षक कडाडले. "तुम्ही जागा सोडलीत!" आणि त्यांनी मामांच्या पेपरकडं हात पुढं केला.

मामांनी मान वर केली नाही. बोटं तारेवर, नजर गाठीवर. तिथूनच म्हणाले, "सोडली न्हाय, सर. दस्ती टाकलीय."

आम्ही सगळ्यांनी एकदम वळून बघितलं. स्टुलावर मामांची निळी दस्ती चारी कोपरे नीट करून पसरलेली होती.

परीक्षक तिथंच उभे राहिले. हात पेपरवर तसाच. मामांनी गाठ आवळली, वजन टांगलं, तार एकदा छेडून बघितली. तार वाजली. शिवलीलानं नाक पुसलं आणि काटा उचलला.

इतक्यात काय झालं, सकाळपासून पळून पळून दमलेले बापूराव मामांच्या टेबलाजवळ आले, रिकामं स्टूल बघितलं आणि त्यावर टेकायला वाकले.

परीक्षक त्यांच्या अंगावर ओरडले, "अहो शिपाई! जागा धरलेली दिसत नाही का?"